शून्य लिहिणारी नर्स

धरणगावच्या बाजूच्या एका उपकेंद्राकडून दर महिन्याला शून्य येत होतं. जन्मजात व्यंग असलेली बाळं, शून्य. दुर्मिळ आजाराचे संशयित रुग्ण, शून्य. खाली सही, शिक्का, तारीख, सगळं नीटनेटकं. कागद इतका स्वच्छ आला की मला तो खरा वाटत नाही.

माझं कामच तसं आहे. धुळ्यात एका दवाखान्याच्या मागच्या इमारतीत आमची खोली आहे. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत फाटलेला ओठ, वाकडी पावलं, हृदयाला छिद्र, कण्यावर गाठ घेऊन जी मुलं जन्मतात, किंवा ज्यांना तालुक्याच्या डॉक्टरनेही फक्त पुस्तकात वाचलेला एखादा आजार निघतो, त्यांची नोंद आम्ही ठेवतो. नोंद कशाला, हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी सांगते की अशी मुलं कुठे आणि किती आहेत हेच माहीत नसेल तर त्यांच्यासाठी तपासणी, शस्त्रक्रिया, औषध कोण मागणार? उद्या एखाद्या आजारावर इलाज निघाला तर तो कोणत्या दारात न्यायचा? हे मी इतक्या वेळा सांगितलंय की बोलताना माझं लक्ष समोरच्याच्या हाताकडे असतं. फॉर्म धरलाय की खाली ठेवलाय, यावरून तो खरं सांगणार की नाही ते मला कळतं, असं मी तेव्हा समजत होते.

खोलीत आम्ही तिघं. प्रमुख म्हणून एक बालरोगतज्ज्ञ मॅडम, त्या अर्धा दिवस वॉर्डात असायच्या. एक कॉम्प्युटर ऑपरेटर, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, त्यांना मी भाऊ म्हणायचे. आणि मी. गावोगावचे फॉर्म तपासायचे, चुका काढायच्या, परत पाठवायचे, हे माझं काम. पाच बाळांचं वजन एकसारखं लिहून आलं की मी फोन करायचे. वेगवेगळ्या तारखांचे फॉर्म एकाच बैठकीत भरलेत हे मला पेनाच्या दाबावरून समजायचं. एका नर्सने सगळ्या आयांचं वय तेवीस लिहिलं होतं, तिला मी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुमच्या गावात चोविसावं लागतच नाही का कुणाला?" लोक हसले. मलाही बरं वाटलं होतं. देवपूरला घरी आई म्हणायची, "तू भाजीवालीकडेसुद्धा तपासणीला आल्यासारखी बघतेस."

तर ते शून्य. आधी त्या उपकेंद्राकडून चांगले फॉर्म येत असत. भरलेले, सुवाच्य, आजीच्या माहेरचे नातेसंबंधसुद्धा लिहिलेले. मग एका महिन्यापासून अचानक शून्य, आणि पुढे शून्यच. मी ठरवून टाकलं की नर्सबाई निवृत्तीला आल्या असणार आणि कामाचा कंटाळा करत असणार. न कळवता जायचं आणि पकडायचं.

सकाळच्या एसटीने अमळनेर, तिथून दुसऱ्या गाडीने धरणगाव, पुढे शेअर रिक्षा. कापूस वेचणीचे दिवस होते. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना ट्रॅक्टरवरून उडालेला कापूस अडकलेला होता. रिक्षात शेजारच्या बाईने विचारलं, कुणाकडे जाताय? मी म्हटलं, नातेवाइकांकडे. अशा वेळी मी खरं सांगत नसे. खरं सांगितलं की आपल्या आधी फोन पोहोचतो.

उपकेंद्रात नर्सबाई लसीचे डबे पुसत होत्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीने गळ्यात. गावात सगळे त्यांना अक्का म्हणत. मी ओळख दिली तशी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी पाणी दिलं, खुर्ची पुढे केली, रजिस्टर काढलं.

"काहीच आढळलं नाही, मॅडम."

"इतक्या महिन्यांत एकही नाही?"

"नाही."

"आधी येत होते फॉर्म तुमच्याकडून."

"आधी होती मुलं. आता नाहीत."

त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. खोटं बोलणारं माणूस कुठेतरी दुसरीकडे बघतं, या माझ्या समजुतीत हे बसत नव्हतं. मी रजिस्टरचे फोटो काढले, सही घेतली आणि निघाले. निघताना त्यांनी विचारलं, "परत गाडी कितीची आहे?" मला वाटलं, मी जाते की नाही याची खात्री करून घेतायत.

मी गेले नाही. गावात शिरले. शाळा सुटायची वेळ होती. समोरून एक म्हातारा सायकल हातात धरून चालत येत होता आणि मागच्या कॅरियरवर उशी बांधून त्यावर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसवलेला होता. मुलाने दोन्ही हातांनी सीट धरली होती. हाफ पँटमधून दिसणाऱ्या पोटऱ्या फुगलेल्या आणि मांड्या मात्र अगदी बारीक. मला डॉक्टरकी येत नाही, पण हे फॉर्मवर मी इतक्या वेळा वाचलंय की लांबूनही ओळखता येतं. स्नायू झिजत जाण्याचा आजार. मुलग्यांना होतो. आधी जिना चढता येत नाही, मग चालता येत नाही, मग पुढचं.

शून्य लिहिणाऱ्या गावात पाच मिनिटांत सापडलं, असं मला वाटलं. आनंदच झाला मला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

मी त्यांच्या मागे घरापर्यंत गेले. पत्र्याचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेली ओसरी, आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर. म्हाताऱ्याने नातवाला दोन्ही हातांत उचलून खाटेवर बसवलं आणि वळून मला विचारलं, "कथाईन उनात?"

"धुळ्याहून, आबा. मुलांच्या आजारांची नोंद ठेवतो आम्ही."

ते तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "आखो? आखो नाव लिखाले उनात?"

अजून एकदा नाव लिहायला आलात का, असं ते विचारत होते. मी गोंधळले. "म्हणजे आधी कुणी लिहून नेलंय का?"

"बठ्ठं लिखी लयी गयात. पोऱ्यानं नाव, मायनं नाव, मोबाईल नंबर, मावशी कितल्या. तुमनाच कागद व्हता. आते काय जोइजे तुमले?" सगळं आमच्याच कागदावर लिहून नेलं, आता अजून काय हवं, असं.

आतून मुलाची आई आली आणि दाराला टेकून उभी राहिली. पुढचं तिने सांगितलं, थोडं अहिराणीत, थोडं माझ्यासाठी शाळेच्या मराठीत. मुलाचा आजार कळल्यावर सासरच्यांनी, हे तुझ्या रक्तातून आलंय, असं म्हणून तिला माहेरी आणून सोडलं होतं. अक्कांनी तिला समजावून फॉर्म भरला होता. त्यानंतर काही महिन्यांनी एका माणसाचा फोन आला. धुळ्याच्या ऑफिसातून बोलतोय म्हणाला. मुलाचं नाव, वय, आजार, सगळं त्याला पाठ होतं, म्हणून तिचा विश्वास बसला. त्याने पार्सलने भुकटीचे डबे पाठवले. सहा महिन्यांत मूल धावायला लागेल म्हणाला. मूल धावलं नाही, उलट भुकटीने त्याच्या पोटाला त्रास झाला, आणि नंतर तो नंबर कायमचा बंद झाला.

एवढ्यावर थांबलं असतं तरी त्यांनी सोडून दिलं असतं. पण तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न जळगावात ठरलं होतं. नवऱ्या मुलाकडच्या मध्यस्थाच्या मोबाईलवर एक कागद आला, आजारी मुलांच्या नावांचा. त्यात या मुलाचं नाव आणि आजार. कुणीतरी त्यांना समजावलं की हा आजार बायकांमधून पुढे जातो. त्यांनी लग्न मोडलं. धाकटीची कसलीही तपासणी झालेली नव्हती. तिच्याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नव्हतं.

"तुमच्याच ऑफिसातून गेलं ना हे?" तिने विचारलं.

"शक्य नाही," मी लगेच म्हणाले. "आमचा कॉम्प्युटर पासवर्डने बंद असतो. कपाटाला कुलूप असतं."

खाटेवरचा मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याचं नाव विचारलं नाही. खरं तर ते माझ्या हातून गेलेलं असणार, फॉर्मवरच्या प्रत्येक रकान्यावर माझी टिकमार्क असणार, पण मला तो आठवला नाही. मला कुणीच आठवत नसे, फक्त राहिलेले रकाने आठवत.

रिक्षाच्या थांब्यावर अक्का माझी वाट बघत उभ्या होत्या.

"गेलात ना तिकडे?"

"तुम्ही खोटं लिहिता," मी म्हटलं.

"लिहिते." त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "पोरांना धरणगावला पाठवते, जळगावला पाठवते. ऑपरेशनला, तपासणीला, जिथे पाठवायचं तिथे. एकही मूल घरात दडवून ठेवलेलं नाही. फक्त तुमच्याकडे पाठवत नाही. मी घरात बसून, हातात हात घेऊन त्या बाईची माहिती काढली होती. आता ती माझ्याशी बोलत नाही."

"मी वर कळवलं तर तुमच्यावर कारवाई होईल."

"कळवा. पण आधी घरात बघा. तुमच्याकडे कुणीतरी आहे."

रिक्षा आली. परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसून मी विचार करत होते आणि अमळनेर यायच्या आत माझ्या मनात संशयिताचं नाव ठरलं होतं. भाऊ.

एकदा शंका आली की सगळं जुळत जातं. भाऊंना दिवसातून दोन-तीनदा फोन यायचा आणि ते उठून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलायचे. मी जवळून गेले की आवाज खाली करायचे. त्यांचा पडदा भिंतीकडे वळवलेला असायचा. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक पेन ड्राइव्ह असायचा. आधी ते एका ठिबक सिंचनाच्या दुकानात हिशेबाला होते आणि तिथून ते का निघाले हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी एका वहीत त्यांच्या बाहेर जाण्याच्या वेळा लिहायला लागले. दोनदा मी संध्याकाळी निघाल्यासारखं करून डबा विसरले म्हणून परत आले. दोन्ही वेळा ते आपलं काम करत होते. त्याने माझा संशय कमी झाला नाही. हा सावध आहे, असं वाटलं. एका दुपारी त्यांचा मोबाईल वायरने ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "चार्जिंग, ताई. घरी लाइट नव्हती."

मी मॅडमकडे गेले. गावातली सगळी हकीकत सांगितली आणि मग भाऊंचं नाव घेतलं.

"पुरावा काय?" मॅडमनी विचारलं.

"पुरावा नाही. पण खोलीत आपण तिघंच आहोत. दुसरं कोण असणार?"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पासवर्ड बदलला, नवीन पासवर्ड फक्त मला दिला आणि भाऊंना जुन्या खोक्यांतले कागद तारखेप्रमाणे लावायला बसवलं. भाऊंनी विचारलं, काय झालं? मॅडम म्हणाल्या, चौकशी होईपर्यंत असंच. भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरत होते आणि भरतच राहिले.

महिनाभर ते खोक्यांपाशी जमिनीवर बसून काम करत होते. धुळीने त्यांना खोकला झाला. आम्ही एकमेकांना चहा विचारणं बंद केलं. मला वाईट वाटत होतं असं मी म्हणणार नाही. मला सुटल्यासारखं वाटत होतं.

मग ती आली. त्या मुलाची मावशी, जिचं लग्न मोडलं होतं. जळगावात एका शाळेत शिकवते, अठ्ठावीस-एकोणतीसची असेल. दुपारी जेवणाच्या वेळी दारात उभी राहून तिने मॅडमचं नाव घेऊन विचारलं. मॅडम वॉर्डात होत्या. मी बसा म्हटलं. ती बसली नाही.

"माझ्या बहिणीने सांगितलं, तुम्ही येऊन गेलात आणि शक्य नाही म्हणालात." तिचा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा होता. "मध्यस्थाकडून मी तो फोटो मिळवलाय. हे बघा. हा कागद तुमचा आहे की नाही, एवढंच सांगा."

तिने मोबाईल टेबलावर ठेवला. खोक्यांपाशी बसलेले भाऊ वर बघायला लागले.

कागद आमचाच होता. नावांची यादी, गाव, आजार, आईचं नाव, मोबाईल. शेवटच्या रकान्यात काही जागा रिकाम्या होत्या आणि प्रत्येक रिकाम्या जागेभोवती हिरव्या पेनाने गोल केलेला होता. आमच्याकडे हिरवं पेन फक्त तपासणाऱ्याने वापरायचं असतं. तपासणारी मी एकटी. तो गोल मी वरून सुरू करते आणि शेवटी थोडी शेपटी बाहेर राहते. प्रत्येक गोलाला ती शेपटी होती.

"कुणाचं आहे हे?" तिने विचारलं.

"बघावं लागेल," मी म्हणाले. "एक मिनिट थांबा."

मी माझा मोबाईल घेऊन बाथरूममध्ये गेले. कडी लावली. त्या तालुक्यातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता. मीच केलेला, फॉर्म लवकर यावेत म्हणून. वर सरकवत गेले. शिबिरांची पत्रकं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुप्रभात, शोकसंदेश, लसीच्या गाड्या. खूप मागे जावं लागलं. आणि तिथे तो फोटो होता, माझ्या नावाने. खाली मी लिहिलं होतं: 'गोल केलेल्या ठिकाणी मोबाईल नंबर नाहीत. संध्याकाळपर्यंत पाठवणे.' पुढे हात जोडल्याची तीन चित्रं. त्याखाली अंगठ्यांची रांग.

ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते मी उघडून बघितलं. हे मी कधीच बघितलं नव्हतं. निम्मे नंबर माझ्या ओळखीचे नव्हते. कुणाचा नवरा, कुणाचं मेडिकल दुकान, कुणी नोकरी सोडून गेलेलं, एकाच्या फोटोच्या जागी जडीबुटीच्या बाटल्या. एकाने दुसऱ्याला जोडलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. मी दरवाज्याला कुलूप लावून चाव्या रस्त्यात ठेवून आले होते आणि महिनाभर घरातल्या माणसाचे खिसे तपासत होते.

फोटोवर बोट दाबून धरलं तर 'माझ्यासाठी हटवा' असं येत होतं. माझ्या मोबाईलमधून तो गेला असता. तेवढ्याने काही झालं नसतं, तरी मी बोट तिथे बराच वेळ ठेवून उभी होते. मनात हिशेब चालला होता की हिरवं पेन कुणीही उचलू शकतो, भाऊसुद्धा. हा विचार माझ्या मनात आला. तो मी इथे लिहून ठेवते, कारण तो आला नव्हता असं मला आता कधी कधी वाटायला लागलंय.

बाहेर आले तेव्हा मॅडम आलेल्या होत्या आणि मावशी शेवटी खुर्चीवर बसली होती. मी मोबाईल मॅडमच्या समोर ठेवला.

"मी पाठवला," मी म्हटलं. "भाऊंचा काही संबंध नाही. ग्रुपवर मीच टाकला होता."

मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. भाऊ खोक्यापाशी उभे राहिले होते, हातात कागदांचा गठ्ठा.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. "मुद्दाम?"

"नाही. नंबर राहिले होते, म्हणून."

"नंबर राहिले होते," ती म्हणाली. मग तेच परत म्हणाली, अगदी हळू, आणि हसल्यासारखं केलं. "मी दीड वर्ष विचार करत होते की आमच्यावर कोण एवढं जळतंय. भावकीतल्या तीन घरांशी आम्ही बोलणं सोडलंय. अक्कांशी माझी ताई बोलत नाही. आणि तुमचे नंबर राहिले होते."

मी माफी मागितली. तिने ती घेतली नाही, नाकारलीही नाही. तिला भाच्याचं नाव यादीतून काढून हवं होतं. आमच्याकडे नाव घालायची पद्धत होती, काढायची नव्हती. तसा रकानाच नव्हता. मॅडमनी तिच्यासमोर कोऱ्या कागदावर अर्ज लिहून घेतला, स्वतः सही केली आणि म्हणाल्या, "नाव काढते. मुलाचे उपचार त्यामुळे थांबणार नाहीत, हे मी लिहून देते."

मावशी उठली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली. या वेळी आवाज खाली होता.

"मॅडम, माझ्यात ते आहे की नाही, हे तपासता येतं ना?"

"येतं. रक्ताची तपासणी असते."

"त्यासाठी नाव लिहावं लागेल?"

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तपासणीसाठी लागेल. आमच्या यादीसाठी नाही. आणि निकाल फक्त तुमच्या हातात मिळेल, असं मी बघेन."

दोघी आत गेल्या आणि दार लावून घेतलं. तिने तपासणी केली की नाही, केली तर काय निघालं, हे मला माहीत नाही. मी मॅडमना विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, अनेकदा. अजूनही मॅडमच्या टेबलावर बंद पाकीट दिसलं की माझी नजर त्याच्यावरच्या पत्त्यावर जाते आणि मी मुद्दाम उठून खिडकीपाशी जाते.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. तो मी एकटीने बसून, कुणालाही न दाखवता लिहिला. चौकशी झाली, ताकीद मिळाली, नोकरी राहिली. ग्रुप बंद केला. आता फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक असतो आणि नाव-क्रमांक जुळवणारी वही मॅडमच्या कुलपात असते. त्या कुलपाची चावी माझ्याकडे नाही, आणि मी ती मागितलेली नाही. फोटो ग्रुपमधून बाहेर कुणी नेला, भुकटी विकणारा कोण होता, हे कळलं नाही. पोलिसांत तक्रार दिली, तो नंबर दुसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला. तालुक्याच्या बैठकीत मी आजही एकेक चेहरा बघत बसते. समोरची बाई मोबाईल वर उचलून धरते तेव्हा मी समोरचे कागद पालथे घालते, ती फळ्याचा फोटो काढत असली तरी.

भाऊ पुन्हा कॉम्प्युटरवर बसले. मी त्यांची माफी मागायला गेले तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे ताई. पण तुम्ही माझ्या बाहेर जाण्याच्या वेळा लिहायच्या, ते मला माहीत होतं. वही तुमच्या टेबलावरच असायची." त्यांनी हे रागावून म्हटलं असतं तर मला काही बोलता आलं असतं. त्यांचा पडदा अजून भिंतीकडे वळलेला असतो. फोन आला की ते अजून व्हरांड्याच्या टोकाला जातात. कुणाशी बोलतात ते मला माहीत नाही. माझ्या मनात अजूनही येतं, कोण असेल, एवढं हळू कशाला, आणि मग मला माझीच भीती वाटते.

अक्कांना मी पत्र पाठवलं. फोन करायची हिंमत नव्हती. उत्तर आलं नाही. पुढच्या महिन्याचा कागद आला, शून्य. त्याच्या पुढच्या महिन्याचाही. मी ते शून्य तसंच भरलं आणि शेरा लिहिला नाही. निवृत्तीच्या आधी शेवटच्या महिन्यात त्यांच्याकडून एक फॉर्म आला. मुलगी, फाटलेली टाळू, दूध नाकातून येतं, जळगावला पाठवली आहे. नावाच्या जागी आडवी रेघ. मी त्यांना फोन केला तर म्हणाल्या, "आईला विचारलं. ती म्हणाली, आजार लिहा, नाव नको. मी तेच लिहिलंय. चालत नसेल तर फाडून टाका."

"चालतं," मी म्हटलं. नियमात ते बसत नव्हतं. मॅडमना सांगून मी ते बसवलं.

"बघू," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आता मी महिन्यातून चार-पाच दिवस जळगावला असते. तिथल्या एका दवाखान्यात नवीन बाळं येतात, तिथे मी स्वतः घरच्यांशी बोलते. गेल्या आठवड्यात एक बाप आला होता, सोन्याच्या दुकानात काउंटरवर काम करणारा, बोलायला मऊ आणि नजर तराजूवर असल्यासारखी. बाळाचं एक पाऊल आत वळलेलं. प्लास्टर सुरू झालं होतं आणि पाऊल सरळ होणार हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं.

मी संमतीचा कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला.

"हे कोण कोण बघणार?"

मी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं. डॉक्टर, मी, ऑपरेटर, वरच्या कार्यालयातला एक माणूस, त्याला फक्त क्रमांक दिसतो.

"आणि तुम्ही कुणाला दाखवलंत तर?"

आधी कधी कुणी मला हे विचारलं असतं तर मला राग आला असता. मी म्हटलं, "तर मी तुम्हाला सांगायला बांधील आहे. खाली लिहिलंय, चौथ्या ओळीत. ती ओळ मीच घालून घेतली."

त्याने चौथी ओळ वाचली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, जसं मी आजवर लोकांकडे बघत आले तसं.

"घरी विचारून सांगतो," म्हणाला. कागदाची घडी करून त्याने शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. बायकोच्या कुशीतलं बाळ झोपलेलं होतं, प्लास्टरचा छोटासा पाय दुपट्ट्यातून बाहेर आलेला. त्याने तो आत घेतला, दुपट्टा नीट खोचला, आणि ते जिन्याकडे निघाले. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही. पुढचं प्लास्टर मंगळवारी आहे, त्यासाठी ते येतीलच.